चंद्र आणि बारीक दातांची फणी

मी कलकत्त्यात एम.एस्सी. करत होते तेव्हाची ही गोष्ट. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मेट्रोसाठी अर्धं शहर खणून ठेवलेलं, रोज संध्याकाळी वीज जायची, ट्राम कुठे अडकेल याचा नेम नाही. मला मात्र त्या हिवाळ्यात ऊठसूट हसू यायचं. जेवताना, वेणी घालताना, भर वर्गात. आई म्हणायची, "हिला काहीतरी झालंय." झालं होतं खरं. आकाशातली अंतरं कशी मोजतात ते मला कळलं होतं, आणि त्याच्या पाठोपाठ माझं लग्न ठरलं होतं.

आधी अंतरांचं सांगते. आम्हाला खगोलशास्त्र शिकवायला एक बंगाली बाई होत्या. उंच, किडकिडीत, आणि महत्त्वाचं काही सांगायचं असलं की डोळे मिटून बोलायच्या. एका दुपारी त्या वर्गात आल्या, खडू हातात घेतला, फळ्यावर काहीच लिहिलं नाही आणि डोळे मिटून सांगायला लागल्या. शुक्राकडे रेडिओलहरी सोडायच्या, त्या तिथे आपटून परत यायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघायचं, की शुक्राचं अंतर कळलं. त्यावरून सूर्याचं. मग पृथ्वी सूर्याच्या एका बाजूला असताना एक तारा बघून ठेवायचा, सहा महिन्यांनी दुसऱ्या बाजूला गेलो की पुन्हा बघायचा. तो मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किती हलला, त्यावरून त्याचं अंतर. त्याहून लांबच्यांसाठी काही तारे असे आहेत की जे ठरावीक दिवसांनी ठळक होतात, मंद होतात. ज्याला या फेऱ्याला जास्त दिवस लागतात, तो मुळात जास्त तेजस्वी. मग तो आपल्याला किती फिका दिसतो ते बघायचं, की तो किती दूर आहे ते निघतं.

"प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर उभी आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे उघडले. "आणि सगळ्यात खालची पायरी जमिनीवर आहे. कुणीतरी चिखलातून साखळी ओढत नेऊन मोजलेली."

मी ताडकन उभी राहिले आणि ओरडले, "ते माझे बाबा करतात!"

वर्ग हसला. बाईही हसल्या. पण ते खरंच होतं. माझे वडील केंद्र सरकारच्या मोजणी खात्यात होते. मी पाच वर्षांची असताना त्यांची नागपूरहून कलकत्त्याला बदली झाली. दोन वर्षांत परत जायचंय म्हणून आईनं एक ट्रंक उघडलीच नाही, आणि आम्ही तिथेच राहिलो. लहानपणी वडिलांनी मला बराकपूरच्या रस्त्यावरचा जुना मोजणीचा मनोरा दाखवायला नेलं होतं. त्यांनी समजावलं होतं की जमिनीवर एक रेघ नीट मोजून घेतली, आणि तिच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या एकाच खुणेकडे बघून कोन घेतले, की अंतर कळायला त्या खुणेपर्यंत चालत जावं लागत नाही. मला त्यातली फक्त मनोऱ्याखाली खाल्लेली भेळ लक्षात राहिली होती. आता चौदा-पंधरा वर्षांनी मी घरी धावत आले आणि वडिलांना म्हटलं, "बाबा, तुम्ही मला सांगितलं होतं ते तर चंद्रालाही लागू पडतं!"

वडील पेपर वाचत होते. म्हणाले, "चंद्राला का नाही पडणार? तो काय सरकारी नोकर आहे?"

त्यानंतर पंधरा दिवसांनी पुण्याहून मला बघायला मंडळी आली. मुलगा, त्याची आई आणि वडील. मुलगा पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होता, यंत्रांचे आराखडे काढायचा. मी नेसून-सवरून बाहेर आले आणि पहिल्याच वाक्याला घोटाळा केला. माझं मराठी म्हणजे आईशी बोलायला लागेल तेवढंच. बंगालीत पाणी पीत नाहीत, खातात. मी मुलाच्या आईला विचारलं, "पाणी खाणार का?"

त्या बघतच राहिल्या. "खाणार? पाणी?"

मुलाचे वडील गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "दे, बाळ. ताटलीतच दे."

मला जे हसू फुटलं ते आवरेना. आईनं मला डोळ्यांनी गप्प केलं. तेवढ्यात आमच्या घरमालकीणबाई, त्यांना आम्ही माशिमा म्हणत असू, काहीतरी निमित्त काढून वर आल्या. त्या बंगालीत म्हणाल्या की मुलांना गच्ची तरी दाखवा. पाच मिनिटं परवानगी मिळाली.

गच्चीवर पापड वाळत होते आणि पलीकडच्या घराची पाण्याची टाकी दिसत होती. दोघेही टाकीकडे बघत उभे राहिलो.

"तुम्ही फिजिक्स करता म्हणे," ते म्हणाले.

"हो."

"एक विचारायचं होतं. हसणार नाही ना?"

"हसेन. मला सवय आहे."

"तारे इतके इतके लांब आहेत असं छापून येतं. ते मोजतं कोण? म्हणजे, टेपचं दुसरं टोक धरायला तिकडे कोणी नसतं."

आजवर कुणी मुलानं मला इतकं सुंदर काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "हात लांब करा. अंगठा वर. डावा डोळा मिटा, उजव्यानं अंगठा टाकीच्या कडेवर धरा. आता डोळा बदला."

त्यांनी बदलला. "अरेच्चा! उडी मारली!"

"अंगठा जवळ घ्या आणि पुन्हा बघा."

"जास्त उडी मारतो!"

"उडी किती, यावरून अंगठा किती लांब ते कळतं. दोन डोळ्यांमधलं अंतर तेवढं माहीत पाहिजे."

त्यांना ते भयंकर आवडलं. ते डावा डोळा, उजवा डोळा, डावा, उजवा असं भराभर करायला लागले. मी टाकीच्या दिशेच्याच कठड्याला टेकून उभी होते आणि पोट धरून हसत होते. त्याच क्षणी त्यांच्या मातोश्री जिन्यातून वर आल्या. त्यांनी पाहिलं ते एवढंच की आपला शांत, शिकलेला मुलगा अजून होकारही दिला नाही अशा मुलीला अंगठा दाखवून डोळे मारतोय आणि मुलगी खिदळतेय.

"काय चाललंय हे?"

"आई, अंगठा उडतो. तू करून बघ."

"मला नाही काही उडवायचं. खाली चला."

मला वाटलं, संपलं. पण आठवड्यानं पुण्याहून पत्र आलं, मुलगी पसंत आहे, लग्न वैशाखात करू. त्यांच्या वडिलांच्या पत्रात खाली एका ओळीत मुलानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "अंगठ्याचं झालं. चंद्राचं कसं करायचं ते कळवावे."

मी त्या रात्री जेवले नाही. कळवायला बसले. लिहिलं की अंगठा हातभर अंतरावर असतो, म्हणून दोन डोळ्यांमधलं दोन-अडीच इंचांचं अंतर त्याला पुरतं. चंद्रासाठी डोळे खूप लांब लांब पाहिजेत. एक डोळा कलकत्त्यात आणि एक पुण्यात असं करता येईल. दोघांनी एकाच क्षणी चंद्र आणि त्याच्या जवळचा एखादा तारा यांच्यामधली फट मोजायची. तारा इतका लांब आहे की तो कुठूनही जागच्या जागीच दिसतो. चंद्र मात्र तुम्हाला तिथून जरा एकीकडे दिसेल आणि मला इथून जरा दुसरीकडे. त्या फरकावरून अंतर काढू. आपली कृपाभिलाषी, वगैरे.

आता फट मोजायची कशानं? कॉलेजातली उपकरणं घरी मिळणार नव्हती, आणि पुण्याला तर तीही नव्हती. शिवाय दोन्हीकडे अगदी सारखं साधन हवं. दोन दिवस मी घरातली प्रत्येक वस्तू डोळ्यापुढे धरून चंद्राकडे बघितलं. तिसऱ्या दिवशी आई शेजारच्या मुलीच्या डोक्यातल्या उवा काढत होती आणि मी किंचाळले. फणी! बारीक, सारख्या अंतरावरचे दात!

गडियाहाटच्या फुटपाथवर एक फणीवाला बसायचा. मी त्याच्यापुढे उकिडवी बसले, पट्टी काढली आणि एकेक फणी मोजायला लागले. मला पाच सेंटिमीटरला बरोबर पन्नास दात हवे होते, आणि दोन फण्या हुबेहूब सारख्या. त्यानं बराच वेळ बघितलं आणि बंगालीत विचारलं, "दीदी, तुमच्याकडे उवा मापानं येतात का?" मी हसत हसत फुटपाथवर बसकणच मारली.

फणी एका काठीच्या टोकाला आडवी बांधायची आणि काठीचं दुसरं टोक डोळ्याखाली, गालाच्या हाडावर टेकवायचं. काठी मच्छरदाणीची, एकशे दहा सेंटिमीटरवर कापलेली. त्या अंतरावरून चंद्र बरोबर दहा दातांइतका रुंद दिसायचा. दर दहाव्या दाताला मी लाल दोरा बांधला. दुसऱ्या फणीलाही तसाच. मग ती नीट गुंडाळून, काठीची लांबी चिठ्ठीवर लिहून, पार्सल पुण्याला पाठवलं.

पार्सल तिकडे उघडलं सासूबाईंनी. चिठ्ठी कागदांत कुठेतरी राहून गेली असावी. त्यांनी मुलाला काही न विचारता थेट माझ्या आईला पत्र लिहिलं. आईनं ते स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मजकूर साधारण असा होता: चि. सौ. कां.नं होणाऱ्या नवऱ्याला उवांची फणी पाठवली, ती पोचली. आमच्या घरी कुणाच्या डोक्यात काही नाही. आपल्याकडे तसा त्रास असल्यास लग्नाआधी मोकळेपणानं सांगावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

वडिलांनी चष्मा काढून ठेवला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत हसले. आई म्हणाली, "तुम्ही हसा. इकडे माझी अब्रू जातेय." मग वडिलांनीच उत्तर लिहिलं. चंद्राचं सगळं समजावलं आणि शेवटी लिहिलं की मोजणीचं हे साधन मी स्वतः तपासलं असून ते निर्दोष व कोरं आहे.

आधाररेषाही, म्हणजे आमच्या या दोन डोळ्यांमधलं अंतर, वडिलांनीच काढून दिली. कलकत्त्यापासून पुण्यापर्यंतचं अंतर रेल्वेचं घेऊन चालणार नव्हतं, ती वळत वळत जाते. त्यांनी दोन्ही गावांचे अक्षांश-रेखांश घेतले, लॉगची पुस्तिका उघडली, तासभर आकडेमोड केली आणि सांगितलं, "जमिनीच्या पोटातून सरळ दोरी ओढली तर एक हजार पाचशे सत्तर किलोमीटर." हे सांगताना ते घरात मोठा सण असल्यासारखे खुश दिसत होते.

पहिला प्रयोग पौषात. चंद्राच्या पूर्वेला गुरू होता, ठळक. वेळ ठरली संध्याकाळी आठ, रेडिओवर आठाचे पीप-पीप वाजतात त्यातला शेवटचा. मी गच्चीवर काठी गालाला लावून उभी राहिले, वडिलांनी टॉर्चवर तांबडा कागद लावून फणीवर मंद उजेड धरला, पीप वाजला, मी दात मोजले. पाच दिवसांनी पुण्याचं पत्र आलं. त्यांनी नुसता आकडा पाठवला नव्हता. फणी, दोरे, चंद्र, त्यावरचे डाग, गुरू, सगळं टोकदार पेन्सिलीनं काढलेलं. इतकं देखणं की मी ते आधी उशीखाली ठेवलं आणि गणित नंतर केलं.

गणित केलं तर दोघांमध्ये आठ दातांचा फरक निघाला. चंद्र दोन लाख सोळा हजार किलोमीटरवर आला होता! पुस्तकात सरासरी तीन लाख चौऱ्याऐंशी हजार. मी तीनदा केलं, तेच. वडील म्हणाले, "वेळ विचार त्याला."

मी विचारली. उत्तरात कबुलीजबाब आला. आठाला ठोका पडला आणि त्याच वेळी आईनं पानं वाढली. त्यांच्या घरी पान वाढलं की बसायचं, हा नियम. भरली वांगी होती. "म्हटलं, अर्ध्या तासात चंद्र कुठे जाणार आहे? म्हणून जेवून मग मोजलं."

मी उलट टपाली लिहिलं, "चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण स्वतःच्या रुंदीइतका पुढे जातो. तुमच्या घरच्या भरल्या वांग्यांमुळे तो जवळजवळ अर्ध्या वाटेवर आला आहे. समुद्राला मोठी भरती आली तर जबाबदारी तुमची." पत्र पेटीत टाकल्यावर मला सुचलं. ते सासूबाईंनी उघडलं तर?

उघडलं त्यांनीच. पण त्यानंतर काय झालं ते मला पुढच्या पत्रातून कळलं. त्यांनी मुलाला बोलावून विचारलं, "माझ्या वांग्यांनी चंद्र हलला म्हणते, ते कसं काय?" मुलानं त्यांना गच्चीवर नेलं, काठी हातात दिली. त्या तासभर खाली आल्या नाहीत. सुई ओवण्याची त्यांची नजर, त्यांना गुरू दोन दातांमधून सुद्धा स्वच्छ दिसला. खाली येऊन म्हणाल्या, "पुढच्या वेळी सात वाजता जेवायचं सगळ्यांनी. मोजायला मी आहे."

पुढची वेळ माघात आली. सरस्वतीपूजा नुकतीच झाली होती. मी मैत्रिणींबरोबर पिवळी साडी नेसून गल्लोगल्ली फिरले होते आणि देवीपुढे वह्या-पुस्तकांबरोबर फणीही ठेवली होती. नवमीला चंद्र रोहिणीच्या जवळून जाणार होता, आणि दोन्ही गावांहून जवळजवळ डोक्यावर. त्याहून चांगली संधी वैशाखापर्यंत नव्हती. त्या दिवशी पुण्याहून ट्रंक कॉल करायचाही ठरला होता, कारण पत्राची वाट बघणं आता मला शक्य नव्हतं. फोन माशिमांकडे, तळमजल्यावर.

पावणेआठला वीज गेली. अख्ख्या गल्लीनं "ऊऽऽ" केलं आणि मी टाळ्या वाजवल्या. रस्त्यावरचे दिवे गेले तसं आकाश एकदम खाली उतरल्यासारखं झालं. उकडायला लागलं नव्हतं, तरी घरोघरची माणसं सवयीनं गच्चीवर आली. माशिमा कंदील घेऊन आल्या. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका दर शनिवारी घोड्यांच्या शर्यतीला जायचे, ते आपली दुर्बीण गळ्यात अडकवून आले आणि चंद्रावर पैज लावायला कुणी आहे का विचारायला लागले. वडिलांनी कंदील बारीक करायला लावला. ट्रान्झिस्टर कठड्यावर.

"जावई पण आत्ता चंद्राकडेच बघतोय?" माशिमांनी विचारलं.

"हो."

"आणि तू पण."

"हो, पण फट मोजायला."

"बरं बरं, फट मोजायला," त्या म्हणाल्या आणि सगळी गच्ची हसली. मी काठी गालाला लावली तर ती हलायलाच लागली, कारण मीच हसत होते. वडील दबक्या आवाजात म्हणाले, "श्वास सोड. थांब. आता." मग पीप, पीप, पीप. चंद्राची कड एका लाल दोऱ्यावर टेकवली आणि मोजत गेले. रोहिणी एका दाताआड गेली, विझली, पुन्हा लागली. तेवीस. पुन्हा मोजलं. तेवीस. काकांनी दुर्बिणीतून बघून विचारलं, "जिंकलं कोण?"

साडेआठाला फोन वाजला तेव्हा मी जिन्याच्या तीन-तीन पायऱ्या एकदम उतरले. माझ्यामागे सगळी गच्ची.

"हॅलो! ऐकू येतंय?" त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"येतंय! किती?"

"खर्र... रा!"

"काय? तेरा?"

"अठ-रा! मी सतरा म्हणत होतो, आई म्हणते अठरा! तिनं तीनदा मोजले!"

मागून सासूबाईंचा आवाज आला, "अठराच! सतरा म्हणू नकोस तिला!"

"काही कळत नाही हो, परत सांगा!" मी म्हटलं, कारण दोघांचे आवाज एकमेकांत मिसळले होते.

मध्येच एक वेगळाच आवाज आला, स्वच्छ, बाईचा. ट्रंक ऑपरेटर. "मॅडम, अठारह. वो अठारह बोल रहे हैं. अब आप अपना बोलिए."

"तेईस!" मी ओरडले.

"सर, तेईस," तिनं पुण्याला सांगितलं. आणि मग, आपणहूनच, "पाँच का फ़र्क़ है."

मला इतकं हसू आलं की रिसीव्हर माशिमांच्या हातात द्यावा लागला. ऑपरेटरनं विचारलं की हे नेमकं आहे तरी काय. माशिमा त्यांच्या बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "चाँद का नाप ले रहे हैं." मग ऑपरेटर म्हणाली, "तीन मिनट हो गए," पण लाइन तोडली नाही. रिसीव्हर परत माझ्या हातात आला आणि त्या जादा अर्ध्या मिनिटात आम्ही दोघेही नुसते हसत होतो. मला त्यांचं हसणं ऐकू येत होतं आणि त्यांना माझं येत असावं. मग खट्ट झालं.

हिशेब गच्चीच्या फरशीवरच केला, खडूनं, कंदील मोठा करून. पाच दात म्हणजे अर्धा सेंटिमीटर. काठी एकशे दहा सेंटिमीटर. म्हणजे काठी फरकाच्या दोनशे वीसपट. तसंच चंद्राचं अंतर कलकत्ता-पुणे अंतराच्या दोनशे वीसपट. एक हजार पाचशे सत्तर गुणिले दोनशे वीस. वडील माझ्या शेजारी गुडघ्यावर बसून गुणाकार तपासत होते, त्यांच्या धोतराला खडू लागला होता.

तीन लाख पंचेचाळीस हजार चारशे किलोमीटर.

मी उभी राहिले आणि चंद्राकडे बघितलं. तो तितका लांब दिसायला लागला. म्हणजे, रोज तो आकाशावर चिकटवलेला असायचा. आता आम्हा दोघांच्या मध्ये, खूप वर, एक गोल दगड पोकळीत लटकत होता, मला त्याच्यामागची जागा जाणवत होती. मी वडिलांचा दंड घट्ट धरला.

"चाळीस हजारांची चूक आहे," मी म्हटलं.

"पृथ्वीभोवती एक फेरी," वडील म्हणाले. "उवांच्या फणीला तेवढी माफ."

माशिमांनी नोलेन गुडाचे, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचे, संदेश नावाचे पेढे आणले आणि सगळ्यांच्या हातावर ठेवले. वीज आली तेव्हा गल्लीत जल्लोष झाला, आणि काका म्हणाले की हे आपल्यासाठीच आहे.

दुसऱ्या दिवशी मी फणी आणि काठी घेऊन कॉलेजात गेले. ट्रामचा कंडक्टर म्हणाला की मासे पकडायला गंगा तिकडे आहे. बाईंना सगळं दाखवलं. त्यांनी काठी गालाला लावून खिडकीबाहेर बघितलं आणि डोळे मिटले. मग म्हणाल्या, "उरलेल्या वर्गाला पण सांग. फळ्यावर ये." मी सांगितलं. सासूबाईंचे अठरा दात सांगताना वर्गानं बाकं वाजवली. वांग्यांचंही सांगावं लागलं.

त्यांचं पत्र आठवड्यानं आलं. मी घरातून निघतानाच पोस्टमन भेटला, म्हणून ते ट्राममध्ये फोडलं. या वेळी पाकीट माझ्याआधी घरातल्या कुणी उघडलं नव्हतं. आत त्यांनी काढलेलं चित्र होतं. खाली हिंदुस्थानचा नकाशा, त्यावर दोन ठिपके, दोन्हींपासून वर गेलेल्या दोन रेघा, आणि त्या जिथे मिळतात तिथे चंद्र. सगळं मापात, असं त्यांनी कोपऱ्यात लिहिलं होतं, फक्त चंद्र मापात काढायचा तर कागद पुण्याहून समुद्रात गेला असता, म्हणून तो जवळ घेतला आहे. आणि खाली, "तुझं गणित मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. आता रोहिणीचं अंतर कधी मोजायचं ते सांग. आई विचारते, फणी तीच चालेल का?"

आजवर ते मला 'तुम्ही' लिहीत होते. मी ती 'तुझं'ची ओळ पुन्हा वाचली. पुन्हा वाचली. मग रोहिणीचं गणित मनातल्या मनात करायला घेतलं, कारण दुसरं काही केलं असतं तर मी ट्राममध्ये नाचले असते. रोहिणीसाठी कलकत्ता-पुणे काहीच नाही. सहा महिने थांबायचं, पृथ्वीला सूर्याच्या पलीकडे जाऊ द्यायचं. त्यासाठी दोघांनी दोन गावांत राहायची गरज नाही, एका गच्चीवरून चालतं. आणि तरीही ती हलणार किती? आमच्या फणीच्या एका दाताचे जवळजवळ दोन हजार भाग केले तर त्यातला एक. एका दाताचे दोन हजार! सासूबाई मोजतील, मला वाटलं, त्या म्हणतील दोन हजार एक, आणि मी मोठ्यानं हसले.

शेजारच्या बाकावरच्या आजींनी विचारलं, "काय झालं गं, परीक्षेचा निकाल लागला?"

"नाही," मी म्हटलं, "पत्र आलंय."

त्या म्हणाल्या, "तेच ते." मी खिडकीबाहेर बघितलं तर एस्प्लनेड केव्हाच मागे गेलं होतं. तिथे मला ट्राम बदलायची होती. मी उतरले नाही. ट्राम जिथे जात होती तिथपर्यंत गेले आणि त्याच ट्रामनं परत आले.